समुद्रात पन्नास हर्ट्झ कुठून आले?

परवा भाच्याचा फोन आला. स्वारी तारकर्लीला स्कूबा करायला निघाली होती आणि मित्राकडून पाण्यात चालणारा एक चिमुकला कॅमेरा उसना आणला होता. म्हणाला, "मामा, हा मेन्यूत विचारतोय पन्नास हर्ट्झ की साठ हर्ट्झ. मग फ्रेम रेट विचारतोय. मग चौकट ४:३, १६:९ की ८:७. काय ठेवू सांग ना." मी म्हटलं, पन्नास ठेव, सेकंदाला पन्नास फ्रेम ठेव आणि चौकट मिळेल तितकी उंच घे, जास्तीचं वर आल्यावर कापता येतं. त्याचं काम झालं. माझ्या डोक्यात मात्र किडा सोडून गेला.

कारण बघा, पन्नास हर्ट्झ म्हणजे आपल्या घरातल्या विजेची चाल. तारेतून येणारा प्रवाह सेकंदाला पन्नास हेलकावे घेतो. ट्यूबलाइट त्या चालीवर लुकलुकते, म्हणून कॅमेऱ्याने तिच्याशी जुळवून घ्यायचं, नाहीतर चित्रात पट्टे फिरायला लागतात. इथवर ठीक. पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, पाच-सहा मीटर पाण्याखाली, खडकातून डोकावणाऱ्या माशाला या पन्नासाशी काय देणंघेणं? तिथे ना ट्यूबलाइट, ना विजेचा मीटर. उजेड थेट सूर्याचा. आणि तरीही पाण्यात शिरण्याआधी कॅमेरा विचारतो की बाबा रे, तुझ्या गावची वीज कुठली?

मग मी जरा मागे मागे जात राहिलो, आणि गंमत अशी निघाली की समुद्राचं चित्रण ज्या आकड्यांत होतं त्यातला जवळजवळ एकही आकडा समुद्राकडे बघून ठरवलेला नाही. सगळे जमिनीवर ठरले. कोणी फिल्म वाचवायला ठरवला, कोणी आवाजासाठी, कोणी विजेसाठी, तर कोणी प्रेक्षक टीव्हीपासून उठून थिएटरात यावा म्हणून. पाण्याला त्यात बसवून घेतलं. आणि सव्वाशे वर्षं तसं बसवून घेतल्यावर आपण समजून बसलो की समुद्र असाच दिसतो. संथ, आडवा, निळा.

आधी चौकटीचं सांगतो, कारण ती जुनी. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन नावाचा माणूस हलत्या चित्रांच्या मागे लागला होता. ईस्टमनची ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म मिळत होती. ती त्याने उभी मधोमध चिरली, ३५ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या झाल्या. कडेला भोकं पाडली, एका चित्राला चार भोकं. भोकांमधली जागा साधारण एक इंच रुंद आणि पाऊण इंच उंच. झालं, ४:३. यामागे सौंदर्यशास्त्र वगैरे शोधायला जाऊ नये. एक फिल्म दोनदा वापरायची काटकसर आणि चार भोकं, एवढंच.

फ्रेम रेटचं तर याहून मजेदार. एडिसनचं यंत्र सेकंदाला चाळीसच्या आसपास चित्रं पळवायचं. १८९५ मध्ये ल्युमिए बंधूंनी ते सोळावर आणलं. त्यांचा कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्याला आठ चित्रं. सोळात हालचाल दिसते, आणि फिल्म निम्म्याहूनही कमी लागते. मग पुढची तीस वर्षं जो तो आपल्या हाताच्या चालीने. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून आणलेला विल्यमसन कंपनीचा कॅमेराही हातानेच फिरवायचा होता. जुने मूकपट आज टीव्हीवर दिसतात तेव्हा त्यातली माणसं तुरुतुरु का चालतात याचं उत्तर इथे आहे. घेतली एका चालीने, दाखवतोय दुसऱ्या.

चोवीस आला तो आवाजामुळे. हाताने फिरवताना चाल थोडी इकडेतिकडे झाली तर डोळा चालवून घेतो, कान नाही घेत. सूर चढला-उतरला की लगेच कळतं. म्हणून १९२६ च्या सुमारास, व्हायटाफोनच्या वेळी, मिनिटाला ९० फूट ही चाल पक्की झाली. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात सोळा चित्रं मावतात. हिशोब करून बघा, सेकंदाला बरोबर चोवीस. आज ज्याला लोक "सिनेमाचा फील" म्हणून डोक्यावर घेतात, तो चोवीसचा आकडा हा असा, आवाजाला पुरेल एवढा वेग आणि निर्मात्याला परवडेल एवढी फिल्म यांच्यातला सौदा आहे.

मग टीव्ही. लंडनला बीबीसीने १९३६ मध्ये प्रक्षेपण सुरू केलं तेव्हा विजेची घरघर चित्रात पट्ट्यांसारखी फिरू नये म्हणून चित्राचा ताल विजेच्या तालाला बांधला. तिकडे वीज ५० हर्ट्झ, म्हणून २५ चित्रं, प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झ, म्हणून ३०. पुढे १९५३ मध्ये रंग आले तेव्हा त्या ३० चे २९.९७ झाले, ती वेगळीच कटकट. आपली वीज पन्नासची, म्हणून दूरदर्शनही पंचवीसवालं. (चोवीसचा सिनेमा पंचवीसच्या टीव्हीवर सरळ लावला की चार टक्के वेगाने पळतो. दोन तासांचा सिनेमा पाच मिनिटं आधी संपतो, आणि गाण्यांची पट्टी थोडी चढते. आपण सगळे ते ऐकत मोठे झालो, कुणाला पत्ता नाही.) तर भाच्याच्या मेन्यूतले पन्नास हर्ट्झ हे तिथून, लंडनच्या त्या निर्णयापासून, वाहत वाहत तारकर्लीच्या समुद्रात आलेले.

आता पाण्यात उतरू.

पाण्याखालच्या छायाचित्रणाची खरी सुरुवात करणारा माणूस लुई बुताँ. फ्रान्सच्या दक्षिणेला बान्यूल-सुर-मेर नावाच्या गावात सागरी प्रयोगशाळा आहे, तिथला हा जीवशास्त्रज्ञ. १८९३ मध्ये त्याने भावाकडून जलबंद पेटी बनवून घेतली, पाणबुड्याचा जड पोशाख चढवला आणि कॅमेरा घेऊन समुद्राच्या तळाशी गेला. पाण्यात उजेड कमी, काचपट्ट्या मंद. एका चित्राला कधीकधी अर्धा तास शटर उघडं ठेवावं लागे. फ्रेम रेट काढायचाच म्हटलं तर अर्ध्या तासाला एक! पुढे त्याने पिंपावर बसवलेला मॅग्नेशियमचा दिवाही पाण्यात नेला, पण सुरुवातीला सगळी भिस्त सूर्यावर. अर्ध्या तासात समोरून गेलेला एकही मासा त्या काचेवर उमटणार नाही. जे स्थिर तेच राहणार. म्हणजे पाण्याखालच्या चित्रांची सुरुवातच अशी झाली की समुद्रातलं जिवंत ते गळून गेलं आणि खडक उरले.

हलतं चित्र आलं १९१४ मध्ये, बहामा बेटांवर. जॉन अर्नेस्ट विल्यमसन नावाचा अमेरिकेतला वार्ताहर. (फाळक्यांचा कॅमेरावाला विल्यमसन निराळा. नावं सारखी, माणसं वेगळी.) याच्या वडिलांनी बुडालेल्या जहाजांतला माल काढायला एक नळी शोधली होती. एकात एक बसणारी लोखंडी कडी, भात्यासारखी लांब-आखूड होणारी, आणि माणूस आतून खाली उतरू शकेल एवढी रुंद. मुलाने तिच्या टोकाला एक गोल खोली लावली आणि त्या खोलीला मोठी जाड काच. ही खोली पाण्याखाली, नळी वर बोटीला जोडलेली, आत साधी हवा. कॅमेरावाला कोरडा ठणठणीत बसून हँडल फिरवतोय आणि काचेपलीकडे समुद्र! शार्कशी झुंज दाखवायची ठरली तेव्हा शेवटी विल्यमसन स्वतः सुरा घेऊन पाण्यात उतरला. दोन वर्षांनी, १९१६ मध्ये, त्याच नळीतून युनिव्हर्सलने ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवर "ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी" काढला.

मला या नळीची एक गोष्ट फार आवडते. हँडल हातात होतं. उजेड कमी पडला तर हळू फिरवायचं, प्रत्येक चित्राला थोडा जास्त प्रकाश मिळतो. दाखवताना मात्र नेहमीच्या चालीने दाखवलं की समुद्र जरा जास्तच चपळ. म्हणजे मूकपटांच्या काळात पाणी कधी घाईत, कधी संथ, हात आणि उजेड ठरवतील तसं. एकदा चोवीस ठरला आणि मोटर बसली, की ही सोय गेली. चित्र पक्कं झालं, पण उजेडाशी बोलणी करायचा मार्ग बंद झाला.

आणि पाण्यात उजेड म्हणजे पैशासारखा, जपून खर्चायचा. लाल रंग पहिल्या पाचेक मीटरमध्येच बराचसा पाणी गिळून टाकतं, मग नारिंगी, मग पिवळा. फ्रेम रेट दुप्पट केला की प्रत्येक चित्राच्या वाट्याचा प्रकाश निम्मा. शिवाय फिल्म दुप्पट. जमिनीवर फिल्म संपली तर दुसरी लावता येते. पाण्यात कॅमेरा उघडून बघा! साध्या १६ मिलिमीटर कॅमेऱ्यात शंभर फुटांचं रीळ बसे, त्यात चार हजार चित्रं. चोवीसने पावणेतीन मिनिटं. अठ्ठेचाळीसने दीड मिनिटसुद्धा नाही. एवढ्यासाठी पोशाख चढवा, बोटीतून जा, खाली उतरा. मग कोण कशाला वाढवतोय फ्रेम रेट?

याची परिसीमा कुस्तोच्या पहिल्या फिल्ममध्ये आहे. जाक-इव्ह कुस्तो तेव्हा नौदलात होता. फ्रान्सवर जर्मनांचा अंमल, सिनेमाची फिल्म मिळेना. त्याने लायका कॅमेऱ्याची, म्हणजे साधे फोटो काढायची, ३५ मिलिमीटरची रिळं दुकानांतून मिळतील तेवढी गोळा केली आणि अंधारात एकमेकांना चिकटवली. छत्तीस फोटोंचं एक रीळ साधारण एक मीटर साठ सेंटिमीटर. सिनेमाच्या चालीने ते साडेतीन सेकंद चालतं. साडेतीन! अशी रिळं जोडून जोडून, एकदा श्वास धरून जेवढं खाली राहता येईल तेवढ्या वेळात (अ‍ॅक्वालंग अजून यायचं होतं, ते १९४३ मध्ये गान्याँबरोबर केलं) त्याने मासे मारणाऱ्या मित्रांची फिल्म काढली. दोन मर्यादा एकमेकींवर बसलेल्या. एक फुफ्फुसाची, एक रिळाची. १९५६ मध्ये त्याच्या आणि लुई मालच्या "ल मोंद द्यु सिलाँस"ला कानला पाल्म दोर मिळालं. त्याच्या सुरुवातीला पाणबुडे हातात पेटत्या मशाली घेऊन खाली, खोल उतरतात आणि बुडबुड्यांचे लोट वर जातात. चौकट तीच जुनी, जवळजवळ ४:३. (बोलपट आल्यावर आवाजाच्या पट्टीने चित्राची एक बाजू खाल्ली होती. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या अकादमीने वरून-खालून कापून १.३७:१ असं प्रमाण ठरवलं. डोळ्याला फरक फारसा कळत नाही.) ते दृश्य उभं आहे. वरून खाली, खालून वर. उंच चौकटीत ते श्वास घेतं.

आणि नेमकं याच सुमारास बाकी जग आडवं व्हायला निघालं होतं.

१९५३. अमेरिकेत लोक घरी टीव्ही बघायला लागले, थिएटरं ओस पडायला लागली. टीव्हीची चौकट ४:३, सिनेमाच्याच नमुन्यावर घेतलेली. मग फॉक्सने सिनेमास्कोप आणलं. आँरी क्रेतिआँ या फ्रेंच माणसाच्या भिंगाने चित्र घेताना आडवं दाबून नेहमीच्या फिल्मवर बसवायचं आणि दाखवताना पुन्हा ताणायचं. प्रमाण २.५५:१. म्हणजे ही लांबलचक पट्टी कशासाठी, तर घरच्या पेटीत मावू नये म्हणून. दुसऱ्याच वर्षी डिस्नेने तीच ज्यूल व्हर्नची कादंबरी पुन्हा घेतली, पुन्हा बहामातच पाण्याखालचं चित्रण केलं, आणि या वेळी सिनेमास्कोपमध्ये.

इथे एक किस्सा आहे, तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सिनेमास्कोपची भिंगं फॉक्सकडून भाड्याने घ्यायची, आणि ती इतकी कमी होती की सुरुवातीला डिस्नेच्या वाट्याला एकच आलं. ते मुख्य चित्रणात अडकलेलं. मग नॉटिलस पाणबुडीच्या छोट्या मॉडेलचं चित्रण कशाने करणार? तर या पठ्ठ्यांनी मॉडेलच दाबकं बनवलं! लांबीला आखूड केलेली, चपटवलेली नॉटिलस. साध्या भिंगाने चित्र घ्यायचं, आणि थिएटरातलं भिंग ते ताणून सरळ करणार. चौकटीच्या हट्टापायी पाणबुडीच चेपली. या सिनेमाला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं. मला वाटतं त्या चेपलेल्या पाणबुडीलाच द्यायला हवं होतं.

आडव्या चौकटीला मी नावं ठेवतोय असं वाटेल, पण तसं नाही. पाणबुडी आडवी, शार्क आडवा, १९६५ च्या "थंडरबॉल"मधली पाणबुड्यांची लढाई आडवी. तिथे ती चौकट शोभते. अडचण वेगळी आहे. जमिनीवर चौकट आडवी असली की तिच्यात क्षितिज मावतं. पाण्याखाली क्षितिज नसतंच. वर उजेड, खाली अंधार, आणि मधे सगळं चढतं-उतरतं. बुडबुडे, पाणबुडा, तळाहून वर येणारी वनस्पती. शिवाय स्वच्छ पाण्यातसुद्धा नजर वीस-तीस मीटरच्या पुढे फारशी जात नाही (आपल्या किनाऱ्यावर तर त्याहून पुष्कळ कमी), त्यामुळे लांब पट्टीच्या दोन्ही टोकांना नुसतं निळं उरतं.

त्यातून भिंगाची भानगड. कॅमेरा पेटीत, पेटीला सपाट काच, काचेबाहेर पाणी. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो, म्हणून सगळं एक चतुर्थांश जवळ आणि मोठं दिसतं, भिंगाचा आवाका तेवढाच घटतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. म्हणजे चार भागिले तीन! एडिसनच्या चौकटीचं प्रमाणही चार भागिले तीन. निव्वळ योगायोग आहे, यात काही गूढ नाही, पण कळलं तेव्हा मी एकटाच हसलो. तर मुद्दा असा की सपाट काचेतून मधलं ठीक दिसतं आणि कडा फाटतात. रंग सुटतात, रेषा वाकतात. घुमटाच्या काचेने आवाका परत मिळतो, पण कडा मऊ पडतातच. आता चौकट जितकी लांब तितकी ती भिंगाच्या याच दुबळ्या कडांवर जाऊन बसते. म्हणजे जमिनीवरच्या लोकांनी सगळ्यात भारी म्हणून जी चौकट निवडली, तीच पाण्यात सगळ्यात आधी उसवते.

आता संथपणाकडे येतो. कारण मला खरी खुपणारी गोष्ट ती आहे.

समुद्र संथ असतो ही आपली समजूत कुठून आली? काही अंशी खरी आहे. पाणी हवेच्या आठशे पट दाट, माणूस त्यात हळूच हलतो. पण माणूस हा तिथला पाहुणा. आपण त्याची चाल समुद्राची धरली. वर सिनेमावाल्यांनी हातभार लावला. मॉडेल वापरून मोठं जहाज, मोठी लाट दाखवायची तर फ्रेम रेट वाढवून चित्र घ्यायचं आणि चोवीसने दाखवायचं, म्हणजे हालचाल जड होते. याचं गणित आहे. मॉडेल जितके पट लहान, त्याच्या वर्गमुळाइतका वेग वाढवायचा. सोळाव्या हिश्शाचं मॉडेल असेल तर चौपट, सेकंदाला ९६. पाण्याचे थेंब मात्र लहान करता येत नाहीत, म्हणून पाण्याला त्याहूनही जास्त लागतो आणि मॉडेल मोठं लागतं. १९८० च्या "रेझ द टायटॅनिक"साठी ५५ फुटांचं मॉडेल केलं होतं ते त्यामुळेच. पुढे माहितीपटवाल्यांनीही हीच युक्ती खऱ्या माशांवर वापरली. शार्क वळतो तो हळूच, राजासारखा. खालून व्हायोलिन. सुंदर दिसतं, मलाही आवडतं. पण शार्क तसा वळत नाही हो! झटका मारतो. तुम्हाला कळायच्या आत दिशा बदललेली असते.

समुद्र खरा किती वेगवान, याचं माझं लाडकं उदाहरण मॅन्टिस श्रिंपचं. कोळंबीचा लांबचा नातेवाईक, रंगीबेरंगी, वीतभर लांबीचा, शंख-शिंपले फोडून खाणारा. त्याचा ठोसा साध्या कॅमेऱ्यात दिसतच नाही. एका चित्रात पाय मिटलेला, पुढच्या चित्रात शिंपला फुटलेला. शीला पॅटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात बीबीसीच्या मदतीने मिळालेल्या कॅमेऱ्याने सेकंदाला पाच हजार चित्रं घेतली आणि २००४ मध्ये निष्कर्ष छापले. ठोशाचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत, म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर. सगळा खेळ तीन हजारांश सेकंदाच्या आत आटोपतो. दूरदर्शनच्या चालीने दोन चित्रांमध्ये चाळीस हजारांश सेकंदांचं अंतर असतं. म्हणजे असे दहा ठोसे त्या फटीत मारून होतील आणि आपण म्हणू, काय शांत प्राणी आहे!

उंच चौकटीचं काय झालं? ती आली, पण भलत्याच वाटेने. १९७० मध्ये ओसाकाच्या प्रदर्शनात आयमॅक्स आलं. ७० मिलिमीटरची फिल्म आडवी चालवायची, एका चित्राला पंधरा भोकं, प्रमाण १.४३:१. पुन्हा जुन्या ४:३ च्या शेजारी. १९९४ मध्ये हॉवर्ड हॉलने या कॅमेऱ्याने, त्यातही थ्रीडीत, कॅलिफोर्नियाच्या केल्पच्या जंगलात "इन्टू द डीप" काढला. केल्प म्हणजे तळापासून पृष्ठभागापर्यंत उभं वाढणारं शेवाळ, नारळाच्या झाडाइतकं उंच. चौकट आणि विषय इतके जुळलेले क्वचित बघायला मिळतात. पण हजार फुटांची फिल्म या कॅमेऱ्यात तीन मिनिटांत संपते. आणि पेटी कॅमेऱ्यासकट एवढी जड की बोटीवरून क्रेननेच पाण्यात सोडायची.

जेम्स कॅमेरॉनला मी कथाकार म्हणून फार मानत नाही (इथे दोन-तीन नातेवाईक माझ्याशी भांडतील, भांडू देत), पण पाण्याच्या बाबतीत या माणसाने तीस-पस्तीस वर्षं चिकाटी दाखवली. १९८९ चा "द अ‍ॅबिस" त्याने दक्षिण कॅरोलायनात अर्धवट सोडलेल्या अणुवीज केंद्राच्या टाकीत घेतला. सिनेमास्कोपच्या जातीचं दाबणारं भिंग नाकारून त्याने सुपर ३५ घेतलं. साधं भिंग, पूर्ण उंच चित्र घ्यायचं आणि थिएटरसाठी त्यातून लांब पट्टी कापायची. टीव्हीला उंच चौकट हवी तर वरचं-खालचं हजर आहेच. कमी उजेडात साधी भिंगं बरी, हेही कारण. मी भाच्याला दिलेला सल्ला हा असा उसना आहे. उंच घे, मग काप.

दरम्यान टीव्हीही आडवा झाला होता. १६:९ कुठून आलं? १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने तेव्हा चालू असलेल्या सगळ्या प्रमाणांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत कापले, एकमेकांवर ठेवले आणि सगळ्यांना मावेल अशी बाहेरची चौकट बघितली. ती निघाली १.७८ च्या जवळ. एका टोकाला ४:३, दुसऱ्या टोकाला सिनेमाची २.३५, यांचा गुणोत्तरी मध्य. म्हणजे कुणालाच पूर्ण न पटणारी आणि कुणालाच फार न टोचणारी तडजोड. आणि "समुद्राचं चित्र" म्हटलं की आज डोळ्यासमोर येतो तो आयत हाच.

फ्रेम रेटचं बंधन मात्र आणखी टिकलं. पीटर जॅक्सनने २०१२ मध्ये "हॉबिट" अठ्ठेचाळीसने दाखवला तर लोकांना तो टीव्हीवरच्या मालिकेसारखा वाटला. चोवीसचा धूसरपणा म्हणजे सिनेमा, ही सवय इतकी हाडीमाशी खिळलेली. आणि मग डिसेंबर २०२२ मध्ये कॅमेरॉनचा "अवतार: द वे ऑफ वॉटर" आला. त्यात त्याने काय केलं, तर बोलण्याचे, उभं राहण्याचे प्रसंग चोवीसच्या चालीत ठेवले (प्रत्येक चित्र दोनदा दाखवून) आणि पाण्याखालचे, तसेच उडण्याचे प्रसंग अठ्ठेचाळीसने. एकाच सिनेमात दोन चाली. काहींना तो बदल खटकला, माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी तर "प्रोजेक्टर बिघडला की काय" असं विचारलं. मला मात्र पाण्याखाली गेल्यावर पहिल्यांदा पाणी दाट वाटलं. त्यातले कण, ते तरंगणारं बारीक बारीक धुरळ्यासारखं, कॅमेरा वळला की चोवीसमध्ये तुटक उड्या मारतं. इथे ते वाहत होतं. मासे झटक्याने वळत होते आणि तो झटका दिसत होता. पडद्यावर चितारलेलं पाणी होतं हे मान्य, पण पाण्याची गरज बघून आकडा निवडला होता.

त्या सिनेमाच्या खऱ्याखुऱ्या पाण्यातल्या चित्रणासाठी पावेल आख्टेल यांचा थ्रीडी कॅमेरा वापरला, आणि त्यावर निकोनोसची भिंगं होती. निकोनोस म्हणजे १९६३ पासून निकॉनने बनवलेला पाण्यातला फोटोचा कॅमेरा. तो मुळात "कॅलिप्सो", कुस्तोच्या सांगण्यावरून जां द वूटर्स यांनी बनवलेला, नाव कुस्तोच्या जहाजाचं. त्याच्या काही भिंगांना पेटीही नाही आणि काचही नाही. पुढचा भाग थेट पाण्याला भिडतो, पाणी हाच भिंगाचा एक भाग धरून गणित मांडलेलं. हवेत ती भिंगं निकामी, चित्र धूसर येतं. जमिनीवर चालत नाही असं भिंग! त्यामुळे कडा फाटत नाहीत.

त्याच वर्षी, सप्टेंबर २०२२ मध्ये, गोप्रोने ८:७ चा सेन्सर असलेला कॅमेरा काढला. जवळजवळ चौरस. एडिसनच्या चौकटीहूनही उंच. कारण? आडवं हवं तर आडवं कापा, आणि मोबाइलवर टाकायला उभं ९:१६ हवं तर उभं कापा. पुन्हा बघा, पाण्यासाठी नाहीच. फोन हातात उभा धरतात म्हणून. पण या खेपेला पाण्याचा फायदा झाला. मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना मोबाइलवर पाठवल्या जाणाऱ्या तुकड्यांत एक पाणबुडा दोरीला धरून खाली जातो, बुडबुडे त्याच्या डोक्यावरून वर वर जातात, आणि सगळं एका चौकटीत मावतं.